तिरक्या दोरीने ओढलेली पेटी : घर्षणाच्या गणितात १०० ज्यूलचा फरक कोठून येतो?

प्रश्न — ऐरोलीची आई

नमस्कार. माझा मुलगा यंदा अकरावी विज्ञानाला आहे. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमात शिकला आणि नववीच्या पुस्तकातला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा त्याला चांगला समजला होता. परंतु अकरावीत तोच विषय इंग्रजीतून आणि बराच खोलात जाऊन आल्यापासून घर्षणाच्या गणितांपाशी त्याची गाडी अडते. मी स्वतः वाणिज्य शाखेची पदवीधर असल्याने आकडेमोड तपासू शकते, मात्र विचार कोठे चुकला हे सांगू शकत नाही. म्हणून येथे विचारत आहे.

गणित असे आहे. २० किलोग्रॅम वस्तुमानाची लाकडी पेटी सपाट जमिनीवर ठेवली आहे. तिला बांधलेली दोरी जमिनीशी ३०° चा कोन करून १०० न्यूटन बलाने ओढली जाते. पेटी आणि जमीन यांच्यातील गतिक घर्षण गुणांक ०.४ आहे. स्थिर असलेली पेटी ५ मीटर सरकली, तर दोरीच्या बलाने केलेले कार्य, घर्षणाने केलेले कार्य आणि पेटीला मिळालेली गतिज ऊर्जा काढा. गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचे आहे.

मुलाने दोरीच्या बलाचा आडवा घटक ८६.६ न्यूटन काढला आणि त्याला ५ ने गुणून ४३३ ज्यूल हे उत्तर मिळवले. ते पुस्तकातल्या उत्तराशी जुळते. पुढे त्याने पेटीचे वजन १९६ न्यूटन धरून घर्षण ०.४ × १९६ = ७८.४ न्यूटन काढले. त्यावरून घर्षणाचे कार्य उणे ३९२ ज्यूल आणि उरलेली गतिज ऊर्जा ४१ ज्यूल आली. पुस्तकात हीच उत्तरे उणे २९२ आणि १४१ अशी दिली आहेत. फरक बरोबर १०० चा असल्यामुळे आम्हाला आधी तो छपाईचा दोष वाटला. क्लासमध्ये विचारले, तेव्हा ‘नॉर्मल चुकला आहे’ एवढेच सांगून पुढचे गणित घेतले गेले. घर्षण म्हणजे गुणांक गुणिले वजन, असे मुलाच्या वहीत चौकटीत लिहिलेले आहे. मग ते सूत्र येथे का चालत नाही? आणि घर्षणाचे कार्य उणे येते म्हणजे नेमके काय होते, ते २९२ ज्यूल जातात कोठे, हेही कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

उत्तर — निवृत्त शिक्षक, नौपाडा

ताई, पुस्तकातले उत्तर बरोबर आहे आणि आपल्या मुलाची आकडेमोडही बरोबर आहे. वहीतल्या चौकटीत लिहिलेले वाक्य मात्र अपुरे आहे. मी ठाण्यात अनेक वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले आणि दरवर्षी निम्म्याहून अधिक वर्ग याच जागी अडखळत असे, तेव्हा मुलाला दोष देऊ नका.

घर्षण हे वस्तूच्या वजनावर अवलंबून नसून दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती जोराने दाबले गेले आहेत यावर अवलंबून असते. हा नियम १६९९ साली फ्रान्सच्या गिलोम आमोंतों यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला आणि त्यातही बोलणे दाबाच्या भाराविषयीच आहे. पेटी सपाट जमिनीवर असेल आणि कोणी तिला आडवेच ओढत असेल, तर हा दाब पेटीच्या वजनाइतका असतो. बहुतेक मुले पहिली दहा गणिते अशीच सोडवतात आणि त्या दहा गणितांपुरते खरे असलेले वाक्य नियम म्हणून डोक्यात बसते. येथे दोरी तिरकी आहे. ती पेटीला पुढे ओढते, तशीच थोडी वर उचलूनही धरते. १०० न्यूटनचा उभा घटक १०० × साइन ३०°, म्हणजे ५० न्यूटन होतो. पेटीच्या १९६ न्यूटन वजनापैकी ५० न्यूटन दोरीने तोलून धरले, तर जमिनीला १४६ न्यूटनच तोलावे लागतात. जमिनीने दिलेल्या या आधाराला मराठीत लंब प्रतिक्रिया म्हणतात आणि क्लासमधला ‘नॉर्मल’ तो हाच. म्हणून घर्षण ०.४ × १४६ = ५८.४ न्यूटन, त्याचे कार्य उणे २९२ ज्यूल आणि ४३३ मधून ते वजा जाता १४१ ज्यूल उरतात. त्यावरून पेटीचा वेगही काढता येतो. तो सेकंदाला सुमारे ३.७५ मीटर येतो.

आता तुमचे १०० ज्यूल. दोरीने उचललेले ५० न्यूटन विसरल्यामुळे घर्षण ०.४ × ५० = २० न्यूटनांनी जास्त धरले गेले आणि २० न्यूटन ५ मीटरपर्यंत म्हणजे १०० ज्यूल. आकडा इतका वाटोळा येणे हा निव्वळ योगायोग आहे, पण त्या योगायोगाने चूक उघडी पडली हे चांगले झाले.

मुलाला एक सवय लावा. गणित वाचल्यावर सूत्राकडे जाण्याआधी पेटीचा चौकोन काढावा आणि तिच्यावरचे चारही बाण दाखवावेत : वजन खाली, जमिनीचा आधार वर, दोरी तिरकी, घर्षण मागे. मग आधी उभ्या दिशेचा हिशेब पूर्ण करावा. पेटी जमीन सोडून वर उडत नाही आणि जमिनीत रुतत नाही, त्यामुळे वरच्या आणि खालच्या बलांची बेरीज सारखी यायलाच हवी; त्यातून लंब प्रतिक्रिया आपोआप मिळते. आडव्या दिशेला त्यानंतरच हात लावावा. घाईत हा क्रम उलटा होतो आणि तेथेच गुण जातात.

कार्य उणे का, तर घर्षणाची दिशा पेटीच्या सरकण्याच्या नेमकी उलट आहे. दोरी पेटीला ऊर्जा देते आणि घर्षण तिच्याकडून ती काढून घेते; उणे चिन्ह हे काढून घेणे दाखवते. वजन आणि लंब प्रतिक्रिया ही दोन्ही बले सरकण्याच्या दिशेला काटकोनात असल्यामुळे त्यांचे कार्य शून्य. मात्र लंब प्रतिक्रिया स्वतः काही कार्य करत नसली, तरी घर्षण किती असेल हे तीच ठरवते. मुले तिला शून्य म्हणून बाजूला टाकतात आणि मग तिची किंमत काढायचेच राहून जाते.

उत्तर — तुर्भ्याचा वाचक

सरांनी सांगितलेली गोष्ट मी पुस्तकाआधी बाजारात पाहिली आहे. माझे वडील तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजारात माथाडी कामगार होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर जात असे. पोते पाठीवर घ्यायचे नसेल आणि फरशीवरून चार पावले पलीकडे न्यायचे असेल, तेव्हा वडील पोत्याच्या एका टोकाला लोखंडी आकडा अडकवून ते टोक गुडघ्याइतके वर घेत आणि मागे सरत सरत पोते ओढत. नव्या मुलांना ते नेहमी सांगत, ‘पोतं आधी हलकं कर, मग ओढ.’ बारावीला मी हे प्रकरण शिकलो, तेव्हा लंब प्रतिक्रिया म्हणजे काय हे मला त्या वाक्यावरून समजले.

त्याचा हिशेब मी नंतर केला होता, तो येथे देतो. पोते ५० किलोचे, म्हणजे वजन ४९० न्यूटन, आणि फरशीशी गुणांक समजा ०.५ आहे. पोते पूर्ण आडवे ठेवून फरशीला समांतर ओढले, तर २४५ न्यूटन बल लागते. एक टोक उचलले की साधारण निम्मे वजन हातांवर येते आणि निम्मे फरशीवर राहते. त्यामुळे घर्षण १२२.५ न्यूटनवर उतरते. १० मीटर ओढायचे असेल, तर घर्षणाविरुद्धचे कार्य २४५० ज्यूलवरून १२२५ ज्यूलवर आले. येथे मला एक शंका मात्र कायम राहिली. हातांवर २४५ न्यूटनचा उभा भार आणि १२२.५ न्यूटनची आडवी ओढ असे दोन्ही मिळून एकूण बल सुमारे २७४ न्यूटन होते. म्हणजे कार्य निम्म्यावर आले, पण हाताने लावायचे बल वाढले. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते? आणि वडील दिवसभर पाठीवर पोती वाहून सपाट फरशीवर चालत, त्या उभ्या भाराचे आडव्या चालीतले कार्य पुस्तकाप्रमाणे शून्य. संध्याकाळी त्यांचे खांदे मी पाहिलेले आहेत. ते शून्य आजही माझ्या मनाला पटत नाही.

उत्तर — निवृत्त शिक्षक, नौपाडा

आपल्या वडिलांचे वाक्य मी माझ्या वर्गात सांगितले असते, तर माझे बरेच खडू वाचले असते.

बल कमीत कमी असणे आणि कार्य कमीत कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच प्रश्नातली २० किलोग्रॅमची पेटी एकसमान वेगाने ओढायची असे समजू. दोरी आडवी असेल, तर ७८.४ न्यूटन बल लागते. कोन वाढवत नेला, तर बल आधी कमी होते आणि सुमारे २१.८° वर ते सर्वांत कमी, म्हणजे ७२.८ न्यूटन होते. ज्या कोनाचा टॅन घर्षण गुणांकाइतका असतो तो हा कोन, टॅन २१.८° म्हणजे ०.४. त्यापुढे बल पुन्हा वाढू लागते आणि ६०° वर ते ९२.६ न्यूटन होते. कार्य मात्र सतत उतरत जाते. ५ मीटरसाठी आडव्या दोरीने ३९२ ज्यूल, २१.८° वर ३३८ ज्यूल, ३०° वर ३१८ ज्यूल आणि ६०° वर अवघे २३२ ज्यूल. कोन वाढला की बलाचा मोठा हिस्सा पेटी तोलून धरण्यात जातो. तो हिस्सा कार्य करत नाही, परंतु घर्षण कमी करतो. परीक्षेत ‘कमीत कमी बल कोणत्या कोनात’ असा प्रश्न आला, तर मुले अनेकदा कमीत कमी कार्याचा विचार करून फसतात.

आपल्या वडिलांच्या खांद्यांविषयी. ते शून्य पोत्याच्या हिशेबातले आहे. पोत्याला फरशीवरून आडवे नेताना उभ्या आधाराने त्याला किती ऊर्जा दिली, एवढेच ते सांगते. आपल्या वडिलांच्या शरीराने किती ऊर्जा खर्च केली, याविषयी ते काहीही सांगत नाही. स्नायू नुसते ताणून धरायलाही शरीर ऊर्जा जाळते, कारण स्नायूंतील तंतू आतल्या आत सतत आकुंचन पावत आणि सैल होत असतात. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर आणि पोते थोडे वर जाते, पुन्हा खाली येते आणि खाली येतानाची ऊर्जा शरीराला पूर्णपणे परत मिळत नाही. १८२९ साली कोरिओलिस यांनी या राशीला नाव दिले, तेव्हा त्यांनी फ्रेंचमधला श्रमासाठीचा रोजचा शब्दच घेतला. मराठीत आपण ‘काम’ न म्हणता ‘कार्य’ म्हणतो, हे मला बरे वाटते. निदान आपल्या भाषेत हमालाच्या कामाला कोणी शून्य म्हणत नाही.

उत्तर — रबाळ्यातील यंत्र अभियंता

ताईंचा शेवटचा प्रश्न राहिला आहे. २९२ ज्यूल उष्णतेत जातात. ही उष्णता फारच थोडी असते. तेवढ्या उष्णतेने ७० ग्रॅम पाण्याचे तापमान जेमतेम १ अंश सेल्सिअसने वाढेल. म्हणूनच पेटी ओढून झाल्यावर तिच्या तळाला हात लावला, तर विशेष काही जाणवत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मी बेअरिंग आणि गिअरपेट्यांची देखभाल केली आहे. तेथे हेच घर्षण सेकंदामागून सेकंद चालू राहते, आणि वंगण कमी पडलेले बेअरिंग हात भाजेल इतके तापते.

येथे एक बारकावा आहे, जो अकरावीच्या गुणांसाठी लागणार नाही. परंतु मुलाला रस असेल, तर त्याला अवश्य सांगा. उणे २९२ हा आकडा पेटीची गतिज ऊर्जा काढण्यासाठी अगदी योग्य आहे. मात्र त्या २९२ ज्यूलपैकी किती उष्णता पेटीच्या तळात गेली आणि किती जमिनीत मुरली, हे या समीकरणातून कळत नाही. दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक उंचवटे एकमेकांना घासून वाकतात, तुटतात आणि तापतात. उष्णतेची वाटणी दोन्ही पदार्थांच्या गुणधर्मांवर ठरते. त्यामुळे ‘घर्षणाने पेटीची २९२ ज्यूल ऊर्जा नष्ट केली’ असे लिहू नये. पेटी आणि जमीन मिळून पाहिले, तर ऊर्जा कोठेही हरवलेली नाही.

आणखी एक. पेटी मुळात हलेल का, हे या गणितात तपासलेलेच नाही. स्थिर पेटीला सुटण्याआधी स्थितिक घर्षणावर मात करावी लागते आणि त्याचा गुणांक सहसा गतिक गुणांकापेक्षा जास्त असतो. तो ०.५ असेल, तर मर्यादा ०.५ × १४६ = ७३ न्यूटन आणि ८६.६ न्यूटनची आडवी ओढ ती सहज ओलांडते. तोच ०.६ असता, तर मर्यादा ८७.६ न्यूटन झाली असती. केवळ १ न्यूटन कमी पडल्यामुळे पेटी जागची हलली नसती आणि तिन्ही उत्तरे शून्य आली असती. ‘पेटी ५ मीटर सरकते’ असे गणितातच म्हटले असल्यामुळे येथे अडचण येत नाही, पण प्रवेश परीक्षांच्या प्रश्नांत हे मुद्दाम लपवलेले असते.

कागदावर पटत नसेल, तर घरी करून पाहा. प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा लटकता काटा पुरतो.

प्रतिसाद — ऐरोलीची आई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री स्वयंपाकघरात आम्ही खरोखरच हा प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देते.

लाकडी पाटावर तांदळाचे १० किलोचे पोते ठेवले. पाटासकट वजन १२ किलो भरले. पाटाच्या पुढच्या कडेला सुतळी बांधून तिच्या टोकाला काटा अडकवला आणि मुलाने फरशीला समांतर, अगदी हळूहळू ओढायला सुरुवात केली. काटा ४.९ किलोपर्यंत चढला, पाट एकदम सुटला आणि सरकू लागल्यावर काटा ३.८ च्या आसपास राहिला. ४.९ वरून ३.८ वर येणारा तो झटका हाताला स्पष्ट लागतो. स्थितिक आणि गतिक घर्षण ही दोन वेगळी नावे का आहेत, हे मुलाला तेव्हा कोणी सांगावे लागले नाही. काटा किलोत दाखवतो, न्यूटनमध्ये नाही, याची मला काळजी वाटत होती, परंतु मुलानेच सांगितले की वजन आणि ओढ दोन्ही किलोत असल्यामुळे भागाकारात फरक पडत नाही. ३.८ भागिले १२ म्हणजे गुणांक सुमारे ०.३२.

मग कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या फरशीवर उभा धरून सुतळी ६०° च्या कोनात ठेवली. आता पाट सरकताना काटा ४.८ आणि ५ यांच्यामध्ये हलत होता. आकडा वाढलेला पाहून मुलगा म्हणाला की घर्षण तर वाढले. मी त्याला सरांनी सांगितलेला क्रम आठवून दिला. ४.९ चा आडवा घटक २.४५ आणि उभा घटक सुमारे ४.२४. १२ मधून ४.२४ गेल्यावर फरशीवर ७.७६ किलोंचाच भार उरतो आणि २.४५ भागिले ७.७६ म्हणजे पुन्हा ०.३२. घर्षण ३.८ वरून २.४५ वर उतरले होते, गुणांक मात्र तोच राहिला होता. मुलाने वहीतली ती जुनी चौकट खोडली नाही. तिच्यातल्या ‘वजन’ या शब्दावर काट मारून वर ‘लंब प्रतिक्रिया’ असे लिहिले.

त्याने स्वतःहून एक नवे गणित करून ठेवले आहे, ते कृपया तपासावे. तीच २० किलोग्रॅमची पेटी आणि तेच १०० न्यूटन बल आहे, परंतु ओढण्याऐवजी मागून ३०° च्या कोनात खाली दाबून ढकलायचे आहे. आता उभा घटक वजनात मिळवावा लागतो, म्हणून लंब प्रतिक्रिया २४६ न्यूटन आणि घर्षण ०.४ × २४६ = ९८.४ न्यूटन. आडवा जोर ८६.६ न्यूटन. निव्वळ बल उणे ११.८ न्यूटन येते आणि पेटी मागे, म्हणजे ढकलणाऱ्याच्या अंगावर येईल, असे त्याचे उत्तर आहे. ते मला पटत नाही.

उत्तर — निवृत्त शिक्षक, नौपाडा

आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. २४६ न्यूटनपर्यंतचा हिशेब निर्दोष आहे. परंतु ९८.४ न्यूटन हे सरकत्या पेटीवरचे घर्षण आहे आणि ही पेटी सरकतच नाही. स्थितिक गुणांक ०.४ किंवा त्याहून जास्त असणार, म्हणजे स्थितिक घर्षण किमान ९८.४ न्यूटनपर्यंत वाढू शकते. मात्र ते तेवढे असलेच पाहिजे असे नाही. ढकलणारा ८६.६ न्यूटन लावतो, म्हणून घर्षणही ८६.६ न्यूटनच राहते, पेटी जागेवर राहते आणि सर्व बलांचे कार्य शून्य होते. घर्षण सरकण्याला विरोध करते. स्थिर वस्तूला ते स्वतःहून मागे ढकलत नाही. पेटी आधीपासून पुढे सरकत असती आणि त्या स्थितीत हे बल लावले असते, तर उणे ११.८ न्यूटन बरोबर ठरले असते. पेटीचा वेग कमी होत जाऊन ती थांबली असती आणि थांबलेलीच राहिली असती. सुरुवातीचा वेग सेकंदाला २ मीटर धरून ती किती अंतरावर थांबेल, हे त्याला काढायला सांगा, उत्तर ३.४ मीटरच्या जवळ यायला हवे.